उसने सूर, उसने ताल

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळच्या लेण्यांकडे निघालं की वाटेत देवगिरीचा किल्ला लागतो. शाळांच्या सहली तिथं हटकून थांबतात. मुलं धापा टाकत पायऱ्या चढतात, अंधारीत शिरून किंचाळतात, मेंढा तोफेशेजारी उभं राहून फोटो काढून घेतात. वाटाडे यादवांचं वैभव सांगतात, अल्लाउद्दीन खिलजीची स्वारी सांगतात आणि दिल्लीहून राजधानी इथं हलवणाऱ्या महंमद तुघलकाची कथा तर रंगवून रंगवून सांगतात. एका माणसाबद्दल मात्र कुणीच काही सांगत नाही. तेराव्या शतकात, सिंघण यादवाच्या कारकिर्दीत, या देवगिरीच्या दरबारी हिशेबाच्या खात्यात एक अधिकारी होता. घराणं मूळचं काश्मीरचं. आजोबा दक्षिणेत उतरले, वडिलांनी यादवांची चाकरी धरली. मुलाला वैद्यकी येत होती, हिशेब तर येतच होता, आणि या सगळ्यातून सवड काढून त्याने संस्कृतात एक ग्रंथ लिहिला. ग्रंथाचं नाव 'संगीतरत्नाकर' आणि लेखकाचं नाव शार्ङ्गदेव.

माझी स्वतःची उमेदीची वर्षं बँकेच्या खतावण्यांत गेली, त्यामुळे असेल, पण संगीतावरचा इतका मोठा ग्रंथ एका हिशेबनिसाने लिहावा याचं मला फार अप्रूप वाटतं. ग्रंथ उघडला की तो हाताला जाणवतोही. सात अध्याय. स्वर, राग, किरकोळ विषय, प्रबंध, ताल, वाद्यं आणि शेवटी नृत्य. जे जे म्हणून प्रचारात आहे किंवा होतं, त्याची नोंद. यातल्या तालाच्या, म्हणजे पाचव्या अध्यायात एकशे वीस देशी ताल नावानिशी दिलेले आहेत. सिंहविक्रम, चंद्रकला, रागवर्धन, लक्ष्मीश, तुरंगलील... नुसती नावं वाचली तरी मन प्रसन्न होतं. आज आपल्या मैफलीत तीनताल, एकताल, झपताल, रूपक वाजतात. शार्ङ्गदेवाच्या यादीतले बहुतेक ताल कधीच मागे पडले, आणि उरली ती यादी.

ही यादी पुढे कुठं गेली, ही आजच्या लेखाची कथा. ती गेली पॅरिसला.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये आल्बेर लाव्हिन्याक नावाच्या प्राध्यापकाने संगीताचा एक अवाढव्य ज्ञानकोश काढायला घेतला. त्यातलं भारतावरचं प्रकरण जोआनी ग्रोसे या पंडिताने लिहिलं आणि त्यात हे एकशे वीस ताल, चिन्हांसकट, छापून टाकले. असले कोश ग्रंथालयात असतात आणि सहसा कुणी उघडत नाही. हा मात्र एका तरुणाने उघडला. ओलिव्हिए मेसियाँ त्याचं नाव. जन्म १९०८, पॅरिसच्या संगीतविद्यालयाचा विद्यार्थी. पुढे १९३१ सालापासून मरेपर्यंत, म्हणजे १९९२ पर्यंत, त्याने पॅरिसमधल्या एकाच चर्चमध्ये ऑर्गन वाजवला. श्रद्धाळू कॅथलिक, पक्ष्यांचा वेडा. रानात पहाटे जाऊन पाखरांची गाणी तो स्वरलिपीत उतरवून घेई. या माणसाजवळ मात्रा मोजून दाखवणारा कुणी उस्ताद नव्हता. त्याच्यापुढे होता तो छापील तक्ता.

हे देशी ताल म्हणजे काय, ते थोडं सांगायला हवं. तबल्यावरचा ताल आपण ओळखतो तो मात्रांवरून आणि ठेक्यावरून. सोळा मात्रा, धा धिं धिं धा, टाळी, खाली, आणि फिरून सम. देशी ताल त्याहून वेगळे, वृत्तांसारखे. शाळेत कवितेचे गण पाडताना आपण लघु आणि गुरू अशा खुणा करत होतो, तशाच खुणा इथं आहेत. लघु म्हणजे एक माप, गुरू दुप्पट, प्लुत तिप्पट, द्रुत अर्धं. आणि एक 'विराम' नावाची खूण आहे. ती ज्याला लागेल त्याचा काळ दीडपट होतो. या छोट्या खुणेने सरळ चाललेल्या लयीला एक ठेच लागते. आपल्या कानाला ती ठेच ओळखीची आहे. लावणीची ढोलकी ऐकणाऱ्या माणसाला ती समजावून द्यावी लागत नाही. पण युरोपातला संगीतकार शतकानुशतकं दोनाच्या आणि तिनाच्या सारख्या पावलांनी चालत आलेला. मेसियाँला या ठेचेत एक मोठी वाट दिसली. काळ असा सारख्या तुकड्यांत कापायचा नाही, त्याला मधेच थोडा जड करायचा, थोडा हलका करायचा.

मग युद्ध आलं. १९४० साली मेसियाँ जर्मनांच्या हाती सापडला आणि ग्योर्लित्झ गावच्या युद्धकैद्यांच्या छावणीत जाऊन पडला. तिथं कैद्यांतच एक व्हायोलिन वाजवणारा, एक क्लॅरिनेटवाला आणि एक चेलोवाला भेटला. पियानोवर तो स्वतः. या चौघांसाठी त्याने जी रचना केली तिचं नाव 'काळाच्या अंतासाठी चौकडी' असं सांगता येईल. १५ जानेवारी १९४१ रोजी, ऐन थंडीत, कैदी आणि पहारेकरी यांच्यासमोर ती वाजली. तिच्या पहिल्या भागात पियानोचा हात ज्या लयीत चालतो ती लय रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश या तीन तालांची माळ आहे. देवगिरीच्या हिशेबनिसाने टिपून ठेवलेले ताल, सातशे वर्षांनी, काटेरी तारांच्या आत!

पण त्याने त्यांचं केलं काय ते पाहण्यासारखं आहे. तीन ताल मिळून सतरा काळमापं होतात. त्यांच्यावर त्याने स्वरसंघांची एक माळ ठेवली, ती एकोणतीसची. सतरा संपतात तेव्हा एकोणतीस मधेच असतात. एकोणतीस संपतात तेव्हा सतरा मधेच. दोन्ही पुन्हा एकत्र सुरू व्हायला सतरा गुणिले एकोणतीस, म्हणजे चारशे त्र्याण्णव काळमापं जावी लागतील, आणि तो भाग त्याआधीच संपतो. आपल्याकडे सगळा जीव समेवर. गवय्या लांबवर हिंडून येतो, तबलजी भलत्याच वाटेने जातो आणि दोघं समेवर भेटतात तेव्हा सभागृहातला माणूस अन् माणूस मान हलवतो. मेसियाँला ती भेट नकोच होती. त्याला काळ न संपणारा दाखवायचा होता, म्हणून त्याने आपल्याच तालांतून सम काढून घेतली. एखादा तबलजी हे ऐकून म्हणेल, हा ताल नव्हेच. त्याचं म्हणणं खरं आहे. मला तरीही असं वाटतं की त्या छावणीत बसलेल्या माणसाला जी गरज होती ती समेने भागली नसती.

पुढे त्याने 'तुरंगलील' हेच नाव घेऊन दहा भागांची एक प्रचंड सिम्फनी रचली. २ डिसेंबर १९४९ रोजी अमेरिकेत बॉस्टनला लिओनार्ड बर्नस्टाइनच्या हाताखाली ती पहिल्यांदा वाजली. तुरंग म्हणजे धावणारा घोडा, धावणारा काळ. लीला म्हणजे खेळ आणि प्रेमही, असा अर्थ त्याने लावला. त्यातल्या घंटावाद्यांचा झंकार जावा-बालीच्या गामेलानवरून घेतलेला. १९६९ साली लिस्बनला त्याची मोठी कंठसंगीताची रचना झाली, येशूच्या रूपांतराच्या प्रसंगावरची. शंभर गळ्यांचा वृंद, भलाथोरला वाद्यवृंद, शब्द लॅटिन धर्मग्रंथांतले, आणि लयींमध्ये ग्रीक छंदांच्या जोडीला आपले देशी ताल. ज्यांनी चर्चमधलं लॅटिन आणि शाळेतले गण दोन्ही ऐकलेत, अशा गोव्याकडच्या माणसाला हे बहुधा सर्वांत लवकर उमगेल.

आता या सगळ्यावर आपली प्रतिक्रिया दोनपैकी एक ठरलेली असते. एक तर 'बघा, आमचंच नेलं!' म्हणून छाती फुगवायची, किंवा 'त्यांना काय कळतंय आमचं' म्हणून नाक मुरडायचं. मी दोन्ही प्रकारच्या मंडळींच्या शेजारी बसून संगीत ऐकलेलं आहे आणि दोघांच्याही बडबडीत संगीत ऐकू येत नाही. मेसियाँने उसनवारी केली, पण तिची नोंद ठेवली. १९४४ साली आपल्या रचनापद्धतीवर त्याने जे पुस्तक छापलं त्यात शार्ङ्गदेवाचं नाव आहे. छापील स्वरलिपीतही जिथं जो ताल आला तिथं त्याचं नाव तो लिहून ठेवतो. आमच्या खात्यात अशा नोंदीला किंमत असे. बुडवणारा माणूस सहसा नोंद करत नाही.

मेसियाँच्या आधीही एकाने हा उद्योग केला होता, तो इंग्रज होता. गुस्टाव होल्स्ट. लंडनच्या मुलींच्या शाळेत संगीत शिकवता शिकवता त्याला ऋग्वेदाच्या इंग्रजी भाषांतरांचा कंटाळा आला, म्हणून तो संस्कृत शिकायला गेला आणि स्वतः सूक्तांचं भाषांतर केलं. १९०८ ते १९१२ या काळात त्याने त्यांची वृंदगीतं बांधली. महाभारतातल्या सावित्रीवर त्याने एक छोटासा ऑपेरा केला. तीन गाणारे, मोजकी वाद्यं, पडद्याआड बायकांचा वृंद, बस्स. यात आपला राग नाही की ताल नाही. शब्दांतला विचार तेवढा त्याने घेतला. यमाशी वाद घालणारी सावित्री त्याला इतकी आवडली की वटपौर्णिमेचा दोराही न पाहता त्याने तिला गायला लावलं.

तिसऱ्याची गोष्ट जरा निराळी. याला पुस्तक मिळालं नाही, माणसं मिळाली. फिलिप ग्लास हा बाल्टिमोरचा अमेरिकन तरुण १९६५च्या सुमाराला पॅरिसमध्ये नादिया बुलांजे या जगप्रसिद्ध, आणि तितक्याच करड्या, शिक्षिकेकडे शिकत होता. पोटापाण्यासाठी त्याने एका चित्रपटाचं काम धरलं. चित्रपटाचं संगीत पंडित रविशंकरांचं. फ्रेंच वादकांना कागदावर लिहिलेलं लागतं, म्हणून पंडितजी सांगतील ते ग्लासने स्वरलिपीत उतरवायचं. बाईंच्या शिस्तीप्रमाणे त्याने दर चार मात्रांनी उभी रेघ मारली आणि वादकांनी त्या रेघेनंतरच्या स्वरावर जोर दिला. तबल्यावर होते उस्ताद अल्लारखाँ. त्यांनी मान हलवली. चुकतंय. ग्लासने रेघा हलवल्या, पुन्हा वाजलं, पुन्हा चुकलं. सगळे स्वर सारखे आहेत, असं खाँसाहेब परोपरीने सांगत होते. शेवटी वैतागून त्याने सगळ्या उभ्या रेघा खोडून टाकल्या. रेघा गेल्या आणि कागदावर दोनदोन, तीनतीन स्वरांचे पुंजके जोडत जाणारी, वळून पुन्हा मुळाशी येणारी साखळी दिसू लागली. हा प्रसंग ग्लासने स्वतः सांगितलेला आहे. अल्लारखाँकडे नंतर तो काही काळ शिकलाही.

पुढची पंधराएक वर्षं त्याने काय काय केलं त्याची यादी मोठी आहे. नळकाम केलं, टॅक्सी चालवली, भारतात पुन्हापुन्हा येऊन गेला. त्या फेऱ्यांतच कालिम्पाँगला त्याने मिठाच्या सत्याग्रहाची जुनी चित्रफीत पाहिली आणि गांधी त्याच्या डोक्यात बसले. हॉलंडमधल्या रॉटरडॅम शहराने त्याला ऑपेरा लिहायला सांगितला तेव्हा त्याने विषय निवडला दक्षिण आफ्रिकेतले गांधी. ५ सप्टेंबर १९८० रोजी तो तिथं रंगमंचावर आला. नाव 'सत्याग्रह'.

ऑपेरा म्हटला की पात्रं आपापले संवाद गातात. इथं तसं नाही. कॉन्स्टन्स डी-जाँग या लेखिकेने भगवद्गीतेतले श्लोक निवडले आणि ते मूळ संस्कृतातच ठेवले. तीनही अंक फक्त गीता. रंगमंचावर दिसतं ते वेगळंच. जोहान्सबर्गच्या नाट्यगृहातली ११ सप्टेंबर १९०६ची शपथ, 'इंडियन ओपिनियन'चा छापखाना, टॉलस्टॉय फार्म, १९१३ सालचा न्यूकॅसलच्या खाणमजुरांचा मोर्चा. प्रत्येक अंकावर एकेक मूक साक्षीदार आहे. पहिल्या अंकावर टॉलस्टॉय, दुसऱ्यावर रवींद्रनाथ, तिसऱ्यावर मार्टिन लूथर किंग. हे वाचताना जरा कृत्रिम वाटतं, मलाही वाटलं होतं. मग दुसऱ्या अंकाचा आरंभ पाहिला. जानेवारी १८९७मध्ये डरबानच्या रस्त्यात गोऱ्या जमावाने गांधींना मारहाण केली, आणि पोलीस अधीक्षकाच्या पत्नीने छत्री उघडून त्यांना वाचवलं, हा प्रसंग आत्मकथेत आपण वाचलेला आहे. ऑपेरात ती बाई जमावाला जे गाते ते सोळाव्या अध्यायातलं आसुरी वृत्तीचं वर्णन आहे. एक गोरी स्त्री, हातात छत्री, समोर आरडाओरडा करणारे तिचेच लोक, आणि तिच्या तोंडी दैवासुरसंपद्! लहानपणी पाठ केलेला अध्याय असा कुणावर तरी रोखलेला मी त्यापूर्वी ऐकला नव्हता.

गांधींनी गीता कशी पाठ केली तेही आठवण्यासारखं आहे. जोहान्सबर्गला असताना सकाळी दात घासायला त्यांना पंधरा मिनिटं लागत. समोरच्या भिंतीवर श्लोकांच्या चिठ्ठ्या चिकटवून त्या वेळात ते पाठांतर करत. तेरा अध्याय त्यांनी असे तोंडपाठ केले. तेव्हा ही गीता त्यांच्या डोक्यात चाललेलीच होती, दातांची पूड तोंडात असताना आणि जमावाच्या लाथा खाताना. ग्लासने ती ऐकू येईल अशी केली, एवढंच.

आणि वाद्यं? सतार नाही, तबला नाही, तंबोरा नाही. इतकंच काय, ढोल-नगारे आणि पितळी वाद्यंही त्याने वगळली. नुसती तंतुवाद्यं, बासऱ्यांच्या कुळातली वाद्यं आणि ऑर्गन. आपल्याकडे हिंदी सिनेमात देऊळ दाखवायचं झालं की घंटा वाजते, तसं पाश्चात्त्य संगीतात 'भारत' दाखवायचा झाला की सतार वाजते. ज्या माणसाने खरोखर काही घेतलं, त्याला ती वाजवावी लागली नाही. त्याने घेतलं ते आवर्तन. लहानशी स्वराकृती फिरत राहते, एखादी मात्रा वाढते, एखादी गळते, आणि ऐकणाऱ्याला आपण पुढे जातोय की तिथंच आहोत हे कळेनासं होतं. कुणाला ते कंटाळवाणं वाटतं, आणि तसं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. पहिल्या अंकात माझाही एकदोनदा डोळा लागलेला आहे.

शेवटच्या प्रसंगाबद्दल मात्र सांगायलाच हवं. मोर्चा पांगलेला आहे. गांधी एकटे. उंचावर, पाठमोरे, किंग भाषणाला उभे. गांधींच्या तोंडी चौथ्या अध्यायातले श्लोक आहेत. तुझे आणि माझे अनेक जन्म होऊन गेले असं भगवंत अर्जुनाला सांगतात तिथून पुढचे, म्हणजे मराठी घरातल्या लहान मुलालाही येतात त्या श्लोकांपर्यंतचे. सूर काय आहेत? नुसता आरोह. आठ स्वरांची एक शिडी, खालून वर, तीस वेळा. दुसरं काही नाही. पाश्चात्त्य लोक या शिडीला फ्रिजियन म्हणतात. पेटीवर वाजवून पाहा. रिषभ, गंधार, धैवत, निषाद कोमल, मध्यम शुद्ध. भैरवी थाट. मैफल जिनं संपवावी तिचेच सूर. ग्लासने हे जाणूनबुजून केलं असं मी म्हणणार नाही, आणि थाट जुळला म्हणून राग झाला असंही नाही. भैरवीच्या मींड-मुरक्या, तिचं ते अवघडून थांबणं यातलं काहीच इथं नाही. पण तीन तास परदेशी गळ्यांतलं काहीसं बोबडं संस्कृत ऐकल्यावर ती शिडी सुरू होते, आणि आपलं शरीर आपल्या आधी ओळखतं की आता उठायची वेळ झाली.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल, हे सगळं तिकडचं. इकडच्यांनी काय केलं? तर इकडच्यांनीही केलं, आणि मला खरं त्याबद्दलच लिहायचं होतं.

१९७७च्या 'अमर अकबर अँथनी'तलं अंड्यातून बाहेर पडणाऱ्या अमिताभचं गाणं कुणाला आठवत नाही? त्यात ज्याचं नाव येतं तो अँथनी गोन्साल्विस हा खराखुरा माणूस होता. गोव्यातल्या माजोर्ड्याचा. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत व्हायोलिन वाजवणारा आणि वाद्यवृंदाची रचना करणारा. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलालांनी त्याच्याकडे व्हायोलिनचे धडे घेतले होते, आणि ते नाव ही त्यांची गुरुदक्षिणा. गोन्साल्विसच्या डोक्यात एकच ध्यास, आपले राग सिम्फनीत बांधायचे. चर्चच्या शाळेत स्वरलिपी शिकलेला हा माणूस दिवसा सिनेमाची गाणी वाजवी आणि उरलेल्या वेळात सारंग रागावर कन्चेर्टो लिही. १९५८ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात त्याने शंभराहून अधिक वादक उभे केले आणि आपल्या रचना वाजवून दाखवल्या. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे होते. म्हणजे लताबाई सिम्फनी वाद्यवृंदासमोर उभ्या राहून रागातली रचना गायल्या आहेत, आणि आपल्या घराघरांतल्या लताभक्तांना त्याचा पत्ता नाही. १९६५च्या सुमारास गोन्साल्विस अमेरिकेला गेला, परत आला, माजोर्ड्याला राहिला. २०१२ साली वारला. बातमीत आधी ते गाणं होतं, मग तो.

दुसरे वनराज भाटिया. मुंबईचेच, जन्म १९२७. लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिकले आणि मग पॅरिसला गेले, त्याच नादिया बुलांजेंकडे. ग्लास तिथं पोचण्याआधी काही वर्षं, १९५९ पर्यंत, भाटिया तिथं होते. एकाच बाईंच्या हाताखालचे दोन शिष्य. एकाला रॉटरडॅमने बोलावून काम दिलं. दुसरा मुंबईत परतला आणि त्याने जाहिरातींना हजारो चाली दिल्या, कारण सिम्फनी लिहून मुंबईत भाडं भरता येत नाही. 'अंकुर', 'मंथन', 'भूमिका' यांच्या संगीतामुळे आपण त्यांना ओळखतो. पण परांजोती अकादमी कोरस या मुंबईच्या वृंदासाठी, ज्याची धुरा कूमी वाडिया यांनी अनेक दशकं सांभाळली, भाटियांनी गीतेच्या दुसऱ्या अध्यायावरची 'वासांसि जीर्णानि' ही रचना केली. वाद्य एकही नाही, फक्त गळे. वेगवेगळ्या पट्टींतले आवाज एकमेकांवर चढवून संस्कृत उभं केलेलं. गिरीश कर्नाडांच्या 'अग्नि मत्तु मळे' या नाटकावर त्यांनी ऑपेराही लिहायला घेतला. २०१२ साली पद्मश्री मिळाली. २०१९ साली ते वृत्तपत्रांत आले ते हलाखीच्या बातमीमुळे. म्हातारपणी दुखणं होतं आणि खात्यात पैसे नव्हते. ७ मे २०२१ रोजी ते गेले.

माझ्यासारख्याला ही बातमी वाचून जे वाटलं ते नुसतं हळहळणं नव्हतं. मेसियाँने ज्यांच्यापासून घेतलं त्यांची नावं कागदावर लिहून ठेवली. आपण घेतलं आमच्यातल्याच माणसांकडून, रोज घेतलं, रेडिओवरून, दूरदर्शनवरून, साबणाच्या जाहिरातीतून, आणि नाव कधी विचारलं नाही. नोंदच नाही, मग देणं कसं दिसणार?

परिस्थिती अगदीच तशी राहिलेली नाही, हेही सांगायला हवं. २००६ साली मुंबईच्या एनसीपीएत सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला, आणि त्याने झाकिर हुसेन यांच्याकडून तबला व वाद्यवृंदासाठी 'पेशकार' ही रचना करून घेतली. २०१५ साली ती वाजली, पुढे युरोपातही गेली. १९६५ साली पॅरिसमध्ये ज्यांनी मान हलवली होती त्यांचेच हे चिरंजीव. डिसेंबर २०२४मध्ये तेही गेले. अमेरिकेतल्या रीना इस्माईल या भारतीय वंशाच्या संगीतकार स्त्रीने २०१६ साली भारतातल्या सात धर्मांच्या वचनांवर वृंद, जुन्या बाखकालीन धाटणीचा वाद्यवृंद, सतार आणि तबला यांची रचना केली. ती ऐकताना एक फरक लक्षात येतो. मेसियाँपुढे तक्ता होता, ग्लासपुढे खाँसाहेब होते, आणि या मुलीला दोन्हीकडचं घरचंच आहे. तिला काही उसनं मागावं लागत नाही. तरीही माझं मन पुन्हापुन्हा त्या सतरा आणि एकोणतीसकडे वळतं, त्याला इलाज नाही.

ज्यांना यातलं काही ऐकावंसं वाटेल त्यांनी सुरुवात 'सत्याग्रह'च्या शेवटच्या प्रसंगापासून करावी, तुरंगलीलेपासून नको. ती पहिल्याच दिवशी घाबरवते. आणि भाटियांसाठी तर फार शोधायलाच नको. १९८८ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी श्याम बेनेगलांची 'भारत एक खोज' लागायची. तिचं शीर्षकगीत इंटरनेटवर सहज सापडतं. ऋग्वेदातलं नासदीय सूक्त आहे. आधी संस्कृत वृंदगान येतं, मग वसंत देवांचं हिंदी. चाल वनराज भाटियांची. मुलांना ऐकवणार असाल तर मोबाइलवर नको, जरा बऱ्या स्पीकरवर लावा. त्यातले खर्जातले पुरुषी आवाज छोट्या यंत्रावर ऐकूच येत नाहीत, आणि सगळी गंमत तिथंच आहे.